इतवारीतल्या काकांना

आदरणीय काका,

गेल्या मारबतीला, म्हणजे मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, नागपूरच्या इतवारीत एका पानठेल्याजवळ टाचा उंचावून धडपडणारी मुलगी आठवते का? तीच मी. गर्दीत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे जाहीर पत्र.

माझा कॅमेरा निकॉन डी40, 2006 सालचं मॉडेल. त्याला लाइव्ह व्ह्यू, म्हणजे फोटो काढण्याआधी स्क्रीनवर चित्र बघायची सोय नाही, मागचा स्क्रीन वळत नाही. डोळा लावल्याशिवाय चौकट दिसतच नाही. पिवळी मारबत जवळ आली, "घेऊन जा गे मारबत"चा गजर उठला आणि माझ्यापुढे नुसती डोकी! तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "कायले उड्या मारते बाप्पा? हात वर कर ना."

न बघता फोटो? मला पटेना. तुम्ही लेन्स 18 मिमीवर, म्हणजे सगळ्यात रुंद दिसेल अशी आणली, अ‍ॅपर्चर एफ8 करून प्रकाश आत येण्याचं भोक बारीक केलं, साडेसहा फुटांवरच्या खांबावर फोकस धरायला लावला आणि लेन्सवरचा खटका ए (आपोआप फोकस) वरून एम (हातानं फोकस) वर सरकवला, म्हणजे धरलेला फोकस हलणार नाही. आता सव्वातीन फुटांपासून थेट दूरपर्यंत सगळं स्पष्ट येणार होतं. "फोकस विसर. कॅमेऱ्याचं बूड तेवढं सपाट ठेव." पहिल्या चार फोटोंत आभाळच आलं. दर वेळी कॅमेरा खाली घ्यायचा, स्क्रीन बघायचा, मनगट जरासं पुढे झुकवायचं आणि पुन्हा हात वर. पाचव्यात मारबतीचा अख्खा चेहरा आला! चौफेर थोडी जागा सोडायचीही तुम्ही आठवण दिलीत. थोडीच, कारण 6 मेगापिक्सेलमधून कापून कापून किती कापणार?

संध्याकाळी आमच्या वस्तीत तान्हा पोळा, म्हणजे लहान पोरांचा लाकडी बैलांचा पोळा होता. जाताना तुम्ही सांगितलं होतं तसं दुपट्ट्याची घडी जमिनीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा टेकवला. लाकडी बैल दीड फुटावर, तिथे सकाळचा फोकस चालला नसता. खटका परत ए वर घेतला, रोख बैलाच्या तोंडाकडे धरला आणि बटण अर्धं दाबून बीप ऐकू येताच पूर्ण दाबलं. बैलाच्या डोळ्यातला काळा रंग किंचित ओघळलेला, शिंगाला झेंडूची एकच पाकळी अडकलेली, आणि मागे धोतर सावरत उभा चार वर्षांचा धनी, चांगला ताडमाड दिसतोय! उभ्यानं काढलेल्या माझ्या आजवरच्या फोटोंत ही पोरं नेहमी बुटकीच दिसायची.

त्या फोटोची 8 बाय 12 ची एक प्रत तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. येत्या मारबतीला सकाळपासून त्याच पानठेल्यापाशी थांबते. या वेळी नाव विचारल्याशिवाय सोडणार नाही.

तुमची,
डी40वाली पोरगी