हिशेब मिळाला म्हणून बेकारभत्ता अडवू नका: केंद्रीय कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
स. न. वि. वि.

कामावरून कमी केलेल्या कामगारांना अर्ज भरायला मदत करताना एक प्रश्न हमखास येतो: “कंपनीनं हिशेब दिलाय. आता ईएसआयचा भत्ता मागितला तर अंगाशी येईल का?” हिशेब म्हणजे नोकरी संपताना कंपनीकडून मिळणारे पैसे, आणि ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. विचारताना आवाज खाली जातो, जणू काही चोरीच करतोय. हे बघवत नाही, म्हणून लिहितो आहे.

साहेब, हे दोन पैसे वेगळे आहेत. कपातीची, म्हणजे कामावरून कमी केल्याची, भरपाई ही केलेल्या नोकरीपोटी मिळते, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आठ वर्षं राबलेल्याच्या हातात त्यातून जेमतेम चार महिन्यांचा पगार पडतो. ईएसआयचा बेकारभत्ता, म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचा भत्ता, मात्र विम्याचा आहे. या विम्यासाठी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. स्वतःच्या विम्याचे पैसे मागताना त्याला भीती का वाटावी?

पण खरी मेख राजीनाम्यात आहे. हिशेबाच्या दिवशी कागद आधीच टाइप करून ठेवलेला असतो: ‘वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ तारखेची जागा कोरी, खाली रेव्हेन्यू स्टॅम्प. सही केली तर चेक, नाहीतर कोर्टात जा. घरभाडं थकलेला माणूस सही करतो. मग कागदोपत्री त्यानं नोकरी स्वतःहून सोडलेली असते आणि भत्त्याचा अर्ज तिथेच अडकतो. कपात झालेल्याच्या खात्यात ४५ दिवसांत पंधरा दिवसांचा पगार जमा करणारा नव्या संहितेतला पुनर्कौशल्य (नवं काम शिकण्यासाठीचा) निधीही हातचा जातो. एका सहीत सगळं गेलं!

भत्ता तरी केवढा? १ जुलै २०१८ ला योजना आली तेव्हा सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होता. २०२० मध्ये तो ५० टक्के झाला. महिना १८ हजार कमावणाऱ्याला ९० दिवसांचे साधारण २७ हजार, तेही आयुष्यात एकदाच.

म्हणून मागणी आहे की भरपाई, नोटीस-पगार किंवा ग्रॅच्युइटी मिळाली या कारणावरून भत्ता नाकारता येणार नाही, हे नियमात स्पष्ट लिहा. हिशेबासोबत घेतलेला राजीनामा ही कपातच आहे असं धरा, आणि ती तशी नव्हती हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाका. ईएसआयच्या शाखा कार्यालयांनी मालकाच्या शेऱ्यावर न थांबता कामगाराचं म्हणणं लेखी नोंदवून घ्यावं. आणि जानेवारी २०१७ पासून २१ हजारांवर अडलेली ईएसआयची पगारमर्यादाही वाढवा, कारण तिच्या वर जेमतेम गेलेल्या कामगाराला हा भत्ता मागण्याचीही सोय नाही.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला,
एक कामगार कार्यकर्ता