मालेहून पत्र : आई, इथं कुणी हाकलत नाहीये

बाबा, आई,

परवा रेंज गेली आणि बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय. वाडीत कुणीतरी सांगितलं म्हणे की मालदीववाले भारतीयांना हाकलतायत, तेव्हापासून आई धास्तावलीय. तसं काही नाहीये गं. इथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू 2023 ला निवडून आले ते 'इंडिया आउट'च्या, म्हणजे भारतीय सैनिक परत पाठवा म्हणणाऱ्या हवेवरच, आणि मे 2024 मध्ये आपले सैनिक परतही गेले, पण ते होते ऐंशीएक जण, दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्नियर विमान सांभाळायला, आता तेच काम आपले सिव्हिलियन टेक्निशियन करतात. लांबच्या बेटांवरून पेशंट आणायला ती लागतातच. माझ्या ऑफिसातल्या एकाची आई अशीच रात्रीची इथे राजधानीत, मालेला आणली म्हणून वाचली, आणि तरी तो म्हणतो हेलिकॉप्टर हवं, युनिफॉर्म नको. मला आधी राग आला, मग पटलं.

बाबा, तुम्ही खोतांच्या गोष्टी सांगायचात ना, दोन खोतांच्या हद्दीवरच्या कुळाचे हाल, तसं ह्या पाचेक लाख वस्तीच्या देशाचं झालंय. मी रोज शेजारच्या हुलहुमाले बेटावरून बसने मालेला येतो तो पूल चीनच्या मदतीने झाला, 2018 ला, आणि पश्चिमेला विलिमाले बेटाच्या बाजूला समुद्रात खांब उभे राहिलेत तो पावणेसात किलोमीटरचा पूल आपल्या पैशातून, 10 कोटी डॉलर अनुदान आणि 40 कोटी कर्ज. दोघांकडून घेतात म्हणून आपले लोक चिडतात, पण त्यांच्या जागी आपण काय वेगळं केलं असतं?

डिसेंबर 2014 ला इथल्या खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटला आग लागली आणि अख्ख्या मालेचे नळ कोरडे पडले. मे महिन्यात आपल्या विहिरीचा तळ दिसायला लागला की आई कशी कळशी मोजून पाणी देते, ते आठव. दुसऱ्याच दिवशी आपली विमानं पाणी घेऊन उतरली. घरमालकीण अजून ते सांगते, बाटल्यांसाठी पोराला कडेवर घेऊन लायनीत उभी होती ती. पुलाबद्दल मात्र ती कधी काही बोलत नाही, ना चीनच्या ना आपल्या.

म्हणून 2024 च्या जानेवारीत इथल्या तीन उपमंत्र्यांनी मोदींबद्दल वाईट लिहिलं आणि आपल्याकडे बॉयकॉट सुरू झाला तेव्हा मला फार वाईट वाटलं, त्यांना सरकारने सस्पेंड केलं होतं तरी आपले लोक सगळ्या देशालाच शिव्या देत सुटले. त्याच ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीला आले, 40 कोटी डॉलरची सोय झाली, आणि जुलै 2025 ला इथल्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाला मोदी पाहुणे होते. वाडीत विचारतील त्यांना एवढं सांगा बाबा.

आई, सोलं संपलीत. घरमालकिणीलाही सोलकढी आवडलीय, तेव्हा जरा जास्तच पाठव.

तुमचा,
बाळू