डोकेदुखीच्या गोळ्या छापल्यात, त्या कुणी घेऊ नयेत तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतला डोकेदुखीवरचा लेख वाचला, आणि काल दिवसभर त्याचं कात्रण हातात धरून आमच्या औषधाच्या दुकानात आलेली माणसंही पाहिली. लेखात तीन औषधांची नावं आहेत: पॅरासिटामॉल, नॅप्रोक्सेन आणि एर्गोटामीन असलेली संयुक्त गोळी. मात्रा दिली आहे. ‘आराम पडेपर्यंत रोज दोनदा’ असंही छापलं आहे. यातलं काय कुणी घेऊ नये, याबद्दल एक ओळ नाही. तळाला बारीक टायपात ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढं टाकलं की आपली जबाबदारी संपली, असं कृपया समजू नका. लोक नाव आणि मात्रा वाचतात आणि थेट दुकान गाठतात.

त्यातल्या एका ताईंना नॅप्रोक्सेन हवं होतं, आणि सोबत माला-डी या गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही होतं का, एवढंच विचारलं. त्यांनी काउंटरवर बोटाने नागमोडी रेघ काढून दाखवली. अशी रेघ चमकते, हळूहळू मोठी होते, पाटीवरची मधली अक्षरं दिसेनाशी होतात, अर्ध्या तासाने सगळं निवळतं आणि मग अर्धं डोकं ठणकायला लागतं. हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. आपल्या लेखातही ‘डोळ्यांपुढे अंधारी येणे’ असे तीन शब्द लिहून विषय संपवला आहे.

याला ऑरा म्हणतात. तो पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकतो आणि हळूहळू पसरतो. काहींना डोळ्यांऐवजी बोटांपासून सुरू होऊन गालापर्यंत चढणाऱ्या मुंग्या येतात, काहींचे शब्द अडखळतात. ऑरासहित अर्धशिशी असलेल्या माणसांत मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. त्यात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन असलेली गर्भनिरोधक गोळी आली की तो आणखी वाढतो, कारण इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याकडे कल वाढतो. विडी-सिगारेट असेल तर त्याहून जास्त. माला-डीच्या गोळीत 0.03 मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायॉल असतं, म्हणजे इस्ट्रोजेनच. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ऑरासहित अर्धशिशी असलेल्या स्त्रीसाठी, वय कितीही असो, अशा इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या चौथ्या श्रेणीत आहेत. चौथी श्रेणी म्हणजे वापरूच नयेत. तरुण बाईला प्रत्यक्ष पक्षाघात होण्याची शक्यता कमीच असते, उगाच कुणी घाबरू नये. पण तांबी याच निकषांत पहिल्या श्रेणीत आहे. सुरक्षित मार्ग उपलब्ध असताना हा धोका एकीनेही का घ्यावा? मात्र दुसरी सोय न करता पाकीट मध्येच सोडायचं नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटायचं, आणि साधन बदलेपर्यंत निरोध वापरायचा.

इथे नेमकं काय विचारायचं, हेही महत्त्वाचं आहे. ‘गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का?’ याला अनेक जणी मनापासून नाही म्हणतात, कारण त्याच गोळ्या त्यांना पीसीओडीसाठी, अनियमित पाळीसाठी किंवा मुरुमांसाठी दिलेल्या असतात. त्यांच्या लेखी त्या ‘पाळीच्या गोळ्या’ असतात. म्हणून ‘हार्मोनच्या किंवा पाळीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारावं लागतं. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात ती नॉरएथिस्टेरॉन पाच मिलिग्रॅमचीसुद्धा इथे सांगायला हवी. दिवसाला तीन अशी ती घेतली की तिचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायॉलमध्येच बदलतो. ऑरा असलेल्या बाईने तीही विचारल्याशिवाय घेऊ नये. सणाच्या आधी या गोळीची मागणी किती वाढते, ते कुठल्याही औषध विक्रेत्याला विचारा.

उलट बाजूही आहे. माला-डीच्या पाकिटात 21 गोळ्या हार्मोनच्या आणि 7 लोहाच्या असतात. त्या सात दिवसांत इस्ट्रोजेन एकदम उतरतं, आणि ज्यांना मुळात अर्धशिशी आहे त्यांचं डोकं नेमकं तेव्हाच धरतं. बायका लोहाच्या गोळीला दोष देऊन ती फेकून देतात. लोहाचा यात काही दोष नाही. दोन-तीन महिने कॅलेंडरवर पाळी, गोळीचा दिवस आणि डोकेदुखी यांची खूण करून ते पान डॉक्टरांना दाखवलं, तर निदान पहिल्याच भेटीत जवळ येतं.

आता बीपी. ‘सतत डोकं दुखत असेल तर रक्तदाब वाढल्याचं ते लक्षण’ असं लेखात ठामपणे म्हटलं आहे. 150/95 रक्तदाबाने डोकं दुखत नाही. 180/120 च्या वर, तेही झपाट्याने चढला तर दुखू शकतं. आपल्या वाक्याचं नुकसान दुहेरी आहे. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी ठीक, असं धरून माणसं रोजची गोळी बंद करतात. आणि ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं आहे, ती आपल्या सांगण्यावरून नॅप्रोक्सेन घेतात, ज्याने शरीरात मीठ-पाणी साठून बीपी आणखी चढतं. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी बीपीची जोडगोळी चालू असलेल्या माणसाने त्यात नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखं वेदनाशामक घातलं, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल किंवा वय झालेलं असेल, तर मूत्रपिंडाचं काम मंदावून काही दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. अशांनी आधी पॅरासिटामॉलच घ्यावं.

एर्गोटामीनचं नाव वर्तमानपत्रात छापायलाच नको होतं. ते रक्तवाहिन्या आवळतं. हृदयविकार, पक्षाघाताचा इतिहास, उच्च रक्तदाब, पायांत रक्तपुरवठा कमी असणं आणि गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर ते चालत नाही. घशासाठी किंवा छातीसाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असताना घेतलं, तर शरीरातलं एर्गोटामीनचं प्रमाण वाढून हातापायांची बोटं निळी-गार पडू शकतात. सुमाट्रिप्टानसारखी अर्धशिशीवरची ट्रिप्टान गटातली गोळी घेतल्यावर 24 तासांच्या आत तर नाहीच नाही.

‘आराम पडेपर्यंत रोज’ या शब्दांनी तर खरा घात होतो. अर्धशिशीवाल्याने साधी वेदनाशामकं महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामीन किंवा कॅफीन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या 10 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरायला लागते. मग माणूस सकाळी उठतो तोच जड डोक्याने, गोळी घेतो, दुपारपर्यंत बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच. इथे किती गोळ्या घेतल्या यापेक्षा किती दिवस घेतल्या ते मोजायचं. साधी गोळी एकदम थांबवता येते. पहिले काही दिवस, कधी आठवडाभर, डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात येतो. ट्रामाडॉलसारखं अफूवर्गीय वेदनाशामक किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायच्या. आणि गोळी घ्यायचीच, तर दुखायला लागल्याबरोबर पुरेशा मात्रेत घ्यावी. अर्धशिशीचा झटका आला की जठराचं काम मंदावतं, मग उशिरा घेतलेली गोळी पोटातच पडून राहते.

शेजारणीची चिठ्ठी आपल्याला चालते हाही समज आपल्या लेखाने वाढवला आहे. डोकेदुखी टाळण्यासाठी रोज घ्यायची औषधं माणसाचे बाकीचे आजार बघूनच ठरतात. प्रोप्रानोलॉल दम्याच्या माणसाला देत नाहीत. टोपिरामेट मुतखडा होऊन गेलेल्याला नको. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, मन खचतं, म्हाताऱ्या माणसांना कंप सुटतो. व्हॅल्प्रोएट दिवस जाण्याची शक्यता असलेल्या मुलीला नको, बाळाच्या पाठीच्या कण्यात व्यंग राहू शकतं. नैराश्य आणि अर्धशिशी तर अनेकदा हातात हात घालून असतात, आणि एकाचा उपचार टाळला की दुसरंही हटत नाही. घोरणाऱ्या, जाड मानेच्या माणसाचं सकाळचं डोकं जड असेल, तर त्याला गोळीआधी झोपेच्या तपासणीला पाठवायला हवं.

लेखासोबत कपाळ धरून बसलेल्या बाईचं चार कॉलमी छायाचित्र आहे. तेवढ्या जागेत हे बसलं असतं: काही सेकंदांत पराकोटीला जाणारी डोकेदुखी, ताप आणि मान ताठणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, त्यात चावताना जबडा दुखणं किंवा दिसायला कमी होणं, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांतली नवी डोकेदुखी, पाच महिन्यांपुढच्या गर्भारपणातली डोकेदुखी, जिथे बीपी आणि लघवीतलं प्रथिन त्याच दिवशी तपासायचं असतं. यातल्या कुणीही गोळी घेऊन घरी थांबू नये.

याच पुरवणीत पावसाळ्यात ‘ताप आणि डोकेदुखी’साठी आयब्युप्रोफेन सुचवलं होतं, तेही डेंग्यूच्या ऐन हंगामात. डोळ्यांच्या खोबणीमागे दुखणं आणि ताप हे डेंग्यूचंच चित्र, आणि त्यात आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. तिथे फक्त पॅरासिटामॉल चालतं. तेव्हाही पत्र पाठवलं होतं, ते छापलं नाहीत. या वेळी खुलासा त्याच पानावर, त्याच टायपात, येत्या मंगळवारी छापावा. जागा कमी पडली तर हे पत्र कापा, पण माला-डी आणि बीपीचे परिच्छेद कापू नका.

आपला,
एक फार्मासिस्ट, चिपळूण