‘सर्व्हर डाउन’वर नवे यंत्र हा उपाय नव्हे

संपादक महोदय,

निकाल, प्रवेश, दाखले, अर्ज – कुठल्याही ऑनलाइन सेवेची शेवटची तारीख आली की ‘सर्व्हर डाउन’ची बातमी ठरलेली. बातमीच्या शेवटी एक वाक्यही ठरलेले असते : ‘सर्व्हरची क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव पाठवला आहे.’ हरकत आहे ती या वाक्याला. पुष्कळदा यंत्र कमी पडलेले नसते. त्यातल्या डेटाबेसकडे, म्हणजे माहिती साठवणाऱ्या आणि शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, कोणी पाहिलेले नसते. सरकारी कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे, असे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहे आणि ते योग्यच आहे. पण पोस्टग्रेससारखा डेटाबेस फुकट मिळतो म्हणून निविदेत त्याच्यापुढे शून्य लिहिले जाते आणि त्याच शून्यात देखभालही जाते.

आधी कनेक्शनचे, म्हणजे डेटाबेसशी उघडलेल्या जोडणीचे, पाहू, कारण ऐन गर्दीत पहिल्यांदा तेच तुटते. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस उघडतो आणि मुळात अशा १०० कनेक्शनचीच मुभा असते. समोर चार अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, प्रत्येकाचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) ५० चा, म्हणजे मागणी २०० ची. मग लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ या ओळींची रांग लागते. यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे मर्यादा २००० करून सर्व्हर पुन्हा चालू करणे. आजार इथूनच बळावतो. ‘वर्क मेम’ ही कामापुरत्या मेमरीची सेटिंग मुळात ४ एमबी असते, पण ती कनेक्शनमागे नसते. क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या) प्रत्येक सॉर्टला (क्रम लावण्याला) आणि प्रत्येक हॅशला (जुळणीसाठी केलेल्या तात्पुरत्या तक्त्याला) तेवढी मेमरी वेगळी मिळू शकते. कोणीतरी अहवाल लवकर निघावा म्हणून ती २५६ एमबी केलेली असते. शे-दीडशे क्वेरी एकदम आल्या की रॅम संपते आणि लिनक्स एखादी पोस्टग्रेस प्रोसेस मारून टाकतो. एकच मेली तरी सामायिक मेमरी बिघडली असेल या शंकेने पोस्टग्रेस सगळीच कनेक्शन तोडतो आणि क्रॅश रिकव्हरीत, म्हणजे स्वतःला सावरून पुन्हा उभे राहण्याच्या कामात, जातो. लोकांना पडद्यावर जे ‘डाउन’ दिसते ते हे.

यावरचा उपायही फुकटच आहे. पुढे पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा मध्यस्थ प्रोग्रॅम बसवायचा आणि त्याचा पूल ‘ट्रान्झॅक्शन’ पद्धतीवर ठेवायचा, म्हणजे कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतेच (एकत्र पूर्ण होणाऱ्या कामांच्या गठ्ठ्यापुरतेच) दिले जाते. १६ कोअरच्या यंत्राला खरी कनेक्शन ४० ते ६० पुरतात. बाकीचे हजारो ग्राहक पीजीबाउन्सरच्या दारात काही मिलिसेकंद थांबतात. पीजीबाउन्सरची स्वतःची ग्राहकमर्यादाही मुळात १०० च असते, ती वाढवायला विसरू नये, नाहीतर रडगाणे फक्त दार बदलून तेच राहते. या पद्धतीत सत्रापुरत्या केलेल्या सेटिंग, लिसन-नोटिफाय (डेटाबेसमार्फत संदेश देणे-ऐकणे) आणि सत्रभर धरलेले अ‍ॅडव्हायजरी लॉक (प्रोग्रॅमने स्वतः लावलेली कुलपे) चालत नाहीत. प्रिपेअर्ड स्टेटमेंटची (आधीच तयार करून ठेवलेल्या क्वेरीची) अडचण मात्र पीजीबाउन्सरच्या १.२१ आवृत्तीपासून सुटली आहे. त्यामुळे ‘आमचे फ्रेमवर्क चालत नाही’ ही सबब आता जुनी झाली. शिवाय लिनक्सची मेमरी ओव्हरकमिट सेटिंग २ वर ठेवली (म्हणजे मर्यादेपलीकडे मेमरी कबूल न करणे) तर प्रोसेस मारली जाण्याऐवजी बहुधा एखादी क्वेरी ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून नापास होते. बाकीचे वाचतात.

दुसरी गोष्ट व्हॅक्यूमची, म्हणजे मृत ओळींच्या सफाईची. पोस्टग्रेसमध्ये अपडेट केले की जुनी ओळ जागेवर बदलत नाही. नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी मृत होऊन पडून राहते. एक अर्ज ‘दाखल’, ‘तपासणी’, ‘त्रुटी’, ‘मंजूर’ असा फिरला की त्याच्या तीन मृत प्रती तयार. त्या झाडण्याचे काम ऑटोव्हॅक्यूमचे. तो जागा होतो ५० ओळी अधिक टेबलाच्या २० टक्के ओळी मेल्यावर. दहा हजार ओळींच्या टेबलाला हे ठीक आहे. दहा कोटी ओळींच्या टेबलात मात्र दोन कोटी मृत ओळी साचेपर्यंत तो ढिम्म हलत नाही. तोवर टेबल फुगते, इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणाऱ्या सूची) फुगतात, प्रत्येक वाचनाला डिस्कवरची जास्त पाने चाळावी लागतात. अशा टेबलापुरता स्केल फॅक्टर (हा २० टक्क्यांचा आकडा) ०.०१, म्हणजे १ टक्का, करावा. एका ओळीची आज्ञा आहे, सर्व्हर बंद करावा लागत नाही.

एवढे करूनही टेबल फुगतच असेल तर लॉगमध्ये पाहावे : मृत ओळी आहेत ‘पण अजून काढता येत नाहीत’ असे व्हॅक्यूमच सांगत असतो. म्हणजे कोणते तरी जुने ट्रान्झॅक्शन उघडे आहे. एक तर दुपारी लावलेला अहवाल अजून चालू आहे, नाहीतर कोणी अपडेट करून कमिट (बदल कायम) न करता जेवायला गेले आहे. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी या चालू कामांच्या तक्त्यात ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या वेळेप्रमाणे यादी लावली की गुन्हेगार पहिल्याच ओळीत सापडतो. उघडी ठेवून सोडलेली ट्रान्झॅक्शन पाच मिनिटांत आपोआप तुटतील अशी टाइमआउट सेटिंग ९.६ आवृत्तीपासून आहे. मुळात ती शून्य, म्हणजे बंद असते. चालू राहिलेल्या अहवालाला ती लागू पडत नाही, त्याला एका क्वेरीच्या वेळेवर मर्यादा घालणारा स्टेटमेंट टाइमआउट हवा. आणि फुगलेले टेबल आवळायला भर दुपारी ‘व्हॅक्यूम फुल’ चालवू नये. तो टेबलाला पूर्ण कुलूप लावतो आणि नवी प्रत लिहायला तेवढीच मोकळी जागा मागतो. पीजी_रीपॅक (एक जोड साधन) हे काम जवळजवळ कुलपाविना करतो. अट एवढीच की टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख ठरवणारा स्तंभ) किंवा नल (रिकामे मूल्य) नसलेल्या स्तंभांवरचा युनिक इंडेक्स हवा.

ऑटोव्हॅक्यूम ‘सर्व्हर स्लो करतो’ म्हणून तो बंद करणारेही आहेत. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा असतो आणि वापरात त्यातले साधारण २०० कोटीच येतात. जुन्या ओळी ऑटोव्हॅक्यूमने वेळेवर ‘फ्रीझ’ केल्या नाहीत, म्हणजे क्रमांकांच्या तुलनेतून सोडवल्या नाहीत, तर शेवटचे ३० लाख क्रमांक उरताच पोस्टग्रेस (आवृत्ती १४ पासूनचा हा आकडा) लिहिणेच नाकारतो. जुलै २०१५ मध्ये सेंट्री ही सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवणारी सेवा आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मेलचिंपची मँड्रिल ही ईमेल पाठवणारी सेवा याच कारणाने कोलमडली. मँड्रिलला सावरायला दीड दिवसाहून अधिक लागला. यातले यंत्र लहान होते असे कोणी म्हणणार नाही. क्रमांकाचे वय २० कोटींवर गेले की पोस्टग्रेस स्वतःहून, ऑटोव्हॅक्यूम बंद असला तरी, ‘टू प्रिव्हेंट रॅपअराउंड’ (क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ नयेत म्हणून) असे नाव लावून सफाई सुरू करतो. ही प्रोसेस दिसली की तिला मारणे म्हणजे धुराचा इशारा देणारी घंटा काढून ठेवणे.

इंडेक्सबद्दल सगळेच बोलतात, म्हणून एकच नेमके उदाहरण. बैठक क्रमांकाचा स्तंभ बिगइंट (पूर्णांक), त्यावर इंडेक्स आहे, तरी निकालाची क्वेरी पूर्ण टेबल वाचते. का? जावातून तो क्रमांक बिगडेसिमल (दशांश संख्या) म्हणून येतो, डेटाबेसला तो न्यूमेरिक या वेगळ्या प्रकारचा दिसतो, आणि तुलना करण्यासाठी पोस्टग्रेस प्रत्येक ओळीतला आकडा न्यूमेरिक करून बघतो. इंडेक्स बिगइंटचा, तो निरुपयोगी ठरतो. एक्सप्लेन अ‍ॅनलाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) ‘सेक स्कॅन’ (पूर्ण टेबलाचे वाचन) आणि फिल्टरच्या ओळीत ‘::न्यूमेरिक’ दिसले की समजावे. कोडमध्ये एक शब्द बदलायचा असतो; त्याऐवजी यंत्राच्या खरेदीचा प्रस्ताव जातो. सगळ्यात हळू क्वेरी शोधण्यातही वेळ घालवू नये. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स ही क्वेरींचा वेळ मोजणारी जोडणी सुरू करून एकूण वेळेप्रमाणे क्रम लावावा. ५ मिलिसेकंदांची क्वेरी २० लाख वेळा चालली तर ती पावणेतीन तास खाते, आणि सरासरीच्या यादीत कुठेच वर दिसत नाही.

मराठी नोंदींचा एक खास घोळ इथे सांगायलाच हवा. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ऱ तीन प्रकारे साठवला जातो : युनिकोडचा स्वतंत्र ऱ, र आणि नुक्ता असे दोन संकेतांक, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा शून्यरुंदी जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच, डेटाबेसला तिन्ही वेगळे. एका केंद्रावर एका कळफलकाने नोंद होते, दुसऱ्या केंद्रावर दुसऱ्याने शोध होतो आणि ‘रेकॉर्ड सापडत नाही’ हे उत्तर येते. मग त्याच माणसाची दुसरी नोंद होते. आवृत्ती १३ पासून पोस्टग्रेसमध्ये नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. एनएफसी या युनिकोडच्या एकत्रित प्रमाण रूपात ते पहिले दोन प्रकार एक करते. जोडकवाला तिसरा प्रकार त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, तो रिप्लेसने आधी बदलून घ्यावा लागतो. ही दोन्ही कामे नोंद साठवतानाच ट्रिगरमध्ये (डेटाबेसात आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) करावीत आणि शोधशब्दालाही तीच गाळणी लावावी. जुन्या डेटावर आधी मोजणी करावी, मग दुरुस्ती. कारण युनिक बंधन असेल तर दुबार नोंदी तिथेच अडतात.

आवृत्त्यांबाबत तर आनंदीआनंद आहे. पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती वर्षातून एकदा येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ पर्यंतच होती, १४ ची नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या किरकोळ दुरुस्त्यांना तर पॅकेज बदलून सर्व्हर पुन्हा चालू करण्यापलीकडे बहुधा काही लागत नाही, तरी त्या वर्षानुवर्षे लावल्या जात नाहीत. मुख्य आवृत्ती बदलल्यावर दुसऱ्या दिवशी सगळे संथ झाले अशी तक्रार येते तिचे कारण बहुतेक वेळा प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी पुसली जाणे हे असते. १८ च्या आधीच्या कोणत्याही आवृत्तीवर जाताना ती आकडेवारी गोळा करणारे अ‍ॅनलाइझ पुन्हा चालवलेच पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ वर जाताना पीजी_अपग्रेड (आवृत्ती बदलण्याचे साधन) ही आकडेवारी बहुतांशी सोबत नेतो. पण १८ मध्ये नवा क्लस्टर (डेटाबेसचा संच) चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारे पडताळणीचे आकडे) चालू ठेवूनच तयार होतो. जुन्यात ते बंद असतील तर पीजी_अपग्रेड तिथेच अडतो. जुना क्लस्टर बंद करून पीजी_चेकसम्सने ते चालू करून घेणे हा बरा मार्ग. शिवाय केवळ ऑपरेटिंग सिस्टिम बदलतानाही जपावे : जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला आणि त्या खालून वर आलेल्या सर्व्हरवर मजकुराचे इंडेक्स चुकीची उत्तरे देऊ शकतात. ते रीइंडेक्स करावे लागतात.

हे जाणणारी माणसे दुर्मीळ नाहीत. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या एंटरप्राइझडीबीचे कार्यालय पुण्यात आहे, पीजीकॉन्फ इंडिया ही पोस्टग्रेसची परिषद बंगळुरूला भरते, आणि कमिटफेस्टमध्ये (पोस्टग्रेसमधले बदल तपासण्याच्या ठरावीक फेरीत) जगभरातून आलेले पॅच (कोडमधले प्रस्तावित बदल) तपासायला हात कायम कमीच असतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ दहाव्यांदा करायला लावण्यापेक्षा असा एक पॅच लावून, चाचण्या चालवून अभिप्राय लिहायला लावला तर बरे.

म्हणून मागणी अशी : क्षमतावाढीच्या प्रत्येक प्रस्तावासोबत मागच्या तीस दिवसांचा पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्सचा अहवाल, सर्वांत फुगलेल्या दहा टेबलांची यादी आणि सर्वांत जुन्या ट्रान्झॅक्शन क्रमांकाचे वय जोडणे बंधनकारक करावे. देखभालीच्या करारात दर तिमाहीला बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून दाखवण्याची अट असावी, त्याला किती वेळ लागला ते मिनिटांत लिहिले जावे, आणि हे कागद कार्यालयाच्या संकेतस्थळावर टाकले जावेत. यात खर्च फक्त माणसाच्या पगाराचा आहे. तो निविदेत वेगळ्या ओळीत दाखवावा.

– एक डेटाबेस प्रशासक, पुणे