‘मायक्रोवेव्ह सेफ’ छापलेल्या डब्यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘मायक्रोवेव्ह सेफ’ म्हणून विकलेल्या प्लास्टिकच्या डब्यांचा आतला पृष्ठभाग खराब होणे व त्याबाबत मिळालेले असमाधानकारक उत्तर.

महोदय,

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. गेल्या दिवाळीच्या आधी लक्ष्मीपुरीतल्या भांड्यांच्या दुकानातून तुमच्या कंपनीचा पाच डब्यांचा सेट ७४० रुपयांना घेतला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

माझा थोरला मुलगा शिरोलीला फौंड्रीत कामाला आहे. तिथं कॅन्टीनमध्ये मायक्रोवेव्ह आला, पण त्यात स्टीलचा डबा चालत नाही. पोरगं गार जेवतंय हे मला बघवेना, म्हणून वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘मायक्रोवेव्ह सेफ’ वाचून हा सेट घेतला. त्याच वेष्टनावर लालभडक रस्साभाजीचा फोटो आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देते. त्याचं कारण पुढं येईलच.

आमच्या घरात सोमवारी डब्यात बहुतेक वेळा रविवारचा तांबडा रस्सा असतो. साधारण तीन महिन्यांनी डबे घासताना हाताला काहीतरी खरबरीत लागलं. खिडकीत उजेडाला धरून पाहिलं, तर आतल्या बाजूला रस्सा जिथवर येतो तिथं चारी बाजूंनी पांढरट कडं पडलं होतं. त्यात सुईच्या टोकानं टोचावेत तसे बारीक खड्डे, आणि खड्ड्यांत चटणीचा लाल रंग बसलेला. नख फिरवलं तर वाळूकागदावर फिरवल्यासारखं वाटतं. तळ मात्र गुळगुळीत होता. झीज होती ती नेमकी तेलाचा तवंग टेकतो त्या रेषेवर.

मी विज्ञान शाखेची पदवीधर आहे, त्यामुळं याचं कारण कळायला वेळ लागला नाही. रश्श्यातलं पाणी १०० अंशांला उकळतं आणि तिथंच थांबतं. तेलाला ती आडकाठी नाही. कडेला रस्सा आटून तेल-मसाला चिकटला की तिथलं तापमान १०० च्या बरंच वर जातं. तुमच्या डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक. ते वितळतं १६० अंशांच्या आसपास, पण मऊ पडायला त्याच्या आधीच सुरुवात होते. डब्याच्या अंगाचा जो भाग तिथून निघाला, तो गेला कुठं? भांडी घासताना थोडा गेला असेल. बाकीचा माझ्या मुलाच्या पोटात गेला नाही, हे मला कोण सांगणार?

हाच प्रश्न मी तुमच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन करून विचारला. समोरच्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन दिवसांनी जे लेखी उत्तर आलं त्यात, ‘डाग पडणे ही नैसर्गिक बाब आहे, तेलकट व मसालेदार पदार्थ डब्यात गरम करू नयेत’, एवढंच होतं. पहिली गोष्ट, मी डागाची तक्रार केलीच नव्हती. डाग म्हणजे काय आणि खड्डा म्हणजे काय, हे रोज भांडी घासणाऱ्या बाईला कळतं. दुसरी गोष्ट, तेलकट पदार्थ चालत नाहीत हे वेष्टनावर कुठं आहे? मी भिंग घेऊन वाचलं. इंग्रजीतल्या बारीक मजकुरात झाकण सैल ठेवा एवढं आहे, तेलाबद्दल एक अक्षर नाही. आणि फोटो कशाचा, तर रश्श्याचा. कोल्हापुरात डबे विकायचे आणि नंतर तेल-चटणीचं चालत नाही म्हणायचं, ही आमची फसवणूक आहे.

माझं मुख्य म्हणणं त्या दोन शब्दांबद्दल आहे. ‘मायक्रोवेव्ह सेफ’चा अर्थ तुमच्या लेखी डबा तडकत नाही, वितळत नाही, वाकडा होत नाही एवढाच असावा. म्हणजे सुरक्षित आहे तो डबा. दुकानात उभी असलेली बाई मात्र ते दोन शब्द वाचते तेव्हा तिला वाटतं, यात गरम केलेलं जेवण माझ्या माणसांना सुरक्षित आहे. तिला तसं वाटतं म्हणूनच तर ती साध्या डब्यापेक्षा जास्त पैसे मोजते, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

तसंच ‘बीपीए-फ्री’चं. हा शिक्का पाहून मला किती हायसं वाटलं होतं! नंतर कळलं, की बीपीए हे रसायन पॉलिकार्बोनेट नावाच्या टणक, पारदर्शक प्लास्टिकसाठी वापरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये त्याची रोज चालू शकेल अशी मात्रा आधीपेक्षा २० हजार पटींनी खाली आणली, म्हणून लोक त्याला घाबरतात. पण पॉलिप्रॉपिलीनमध्ये बीपीए मुळात लागतच नाही. जे असायचंच नव्हतं ते नाही, असं ठळक छापून तुम्ही आमचा विश्वास मिळवलात.

२०२३ मध्येच अमेरिकेतल्या नेब्रास्का-लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांच्या खाण्याचे प्लास्टिकचे डबे मायक्रोवेव्हमध्ये तापवून पाहिले. त्यांत पॉलिप्रॉपिलीनचे डबे होते. अवघ्या ३ मिनिटांत काहींच्या दर चौरस सेंटिमीटरमधून प्लास्टिकचे ४२ लाखांपर्यंत सूक्ष्म कण आणि २०० कोटींहून जास्त अतिसूक्ष्म कण बाहेर पडले. हे पाण्यात आणि सौम्य आम्लात तापवून, तेल नसताना. या कणांनी माणसाला नेमकं काय होतं यावर अजून अभ्यास चालू आहे. माझ्या घरात कुणी आजारी पडलं असंही मी म्हणत नाही. पण मी तुमच्याच एका छोट्या डब्यात दीड वर्षाच्या नातवाचं नाचणीसत्त्व तीन महिने गरम केलं आहे, आणि ते आठवलं की मला झोप लागत नाही.

आमच्या भिशीत हा विषय काढला, तर आणखी तिघींनी आपापले डबे आणून दाखवले. एकीचा श्रीखंडाचा रिकामा डबा होता. त्यावर ‘सेफ’ लिहिलेलं नव्हतं, तिची चूक तिनं लगेच मान्य केली. बाकी दोघींचे डबे तुमचेच, आणि दोन्हीवर तेच पांढरं कडं.

अन्नाच्या पॅकिंगसाठी वापरायच्या प्लास्टिकला आपल्याकडं २०१८ च्या नियमावलीनं कसोटी घालून दिली आहे : एक किलो अन्नात प्लास्टिकमधला ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अंश उतरता कामा नये आणि डोळ्यांना दिसेल असा रंग उतरता कामा नये. तुमचा डबा पॅकिंग नव्हे, भांडं आहे, असं तुम्ही म्हणाल. पण भांडं तर वर्षानुवर्षं वापरायचं असतं, त्याची कसोटी आणखी कडक हवी. तेव्हा मला लेखी कळवा, की या डब्याची अशी चाचणी झाली आहे का, झाली असेल तर तेलात केली की नुसत्या पाण्यात, किती अंशांला, किती वेळ, आणि नव्या कोऱ्या डब्यावर की शंभर वेळा तापवलेल्यावर. झाकणावर त्रिकोणही नाही आणि आकडाही नाही. ते कशाचं आहे आणि डब्याबरोबर मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं की नाही, तेही सांगा.

पुढच्या मालावर किती मिनिटं, किती तापमान, तेलकट चालतं की नाही आणि डबा कधी टाकून द्यायचा, हे मराठीत, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत छापा. ते जमेपर्यंत रश्श्याचा फोटो काढून टाका. माझे ७४० रुपये परत करा. दुकानदार बदली सेट द्यायला तयार होते, मी घेतला नाही. त्यांची यात काही चूक नाही, त्यांच्यावर भुर्दंड टाकू नये.

१५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाईन.

मुलाचा डबा आता पुन्हा स्टीलचा. कॅन्टीनमध्ये त्यानं काचेचा वाडगा नेऊन ठेवला आहे, त्यात ओतून गरम करतो. तुमचे पाचही डबे धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. तुमचा माणूस पाठवा, उजेडाला धरून दाखवते.

कळावे,

आपली ग्राहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत : पावतीची प्रत, वेष्टनाचा व डब्यांच्या आतल्या बाजूचा फोटो, आपल्या उत्तराची प्रत.