त्या 13 चुका कुणीतरी मोजल्या होत्या

प्रति,
संपादक,

महोदय,

आपल्या क्रीडा पानावरचा अमेरिकन बास्केटबॉलपटू स्टीफन करीवरचा लेख आवडीने वाचला. लेखकाने त्याला ‘जन्मजात नेमबाज’ ठरवून गोष्ट थेट 2009 पासून, म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नवोदितांच्या निवडीत गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने त्याला सातव्या क्रमांकावर निवडले तिथून सुरू केली आहे. त्याआधीची डेव्हिडसन कॉलेजातली तीन वर्षे एका वाक्यात उरकली. माझी उमेदीची वर्षे शाळा-कॉलेजातल्या मुलांना बास्केटबॉल शिकवण्यात गेली; त्यामुळे मला रस आहे तो नेमका त्या उरकलेल्या वाक्यात.

आधी ते ‘जन्मजात’ प्रकरण. वडील डेल करी एनबीएमध्ये 16 हंगाम खेळले आणि लांबून बास्केट करणारे म्हणूनच नावाजले, हे खरे. पण शाळेत असताना मुलगा चेंडू कमरेपाशी धरून फेकायचा. अंगकाठी किरकोळ, त्यात चेंडू इतक्या खालून सुटणार, म्हणजे उंच मुलांपुढे तो रोखला जाणार हे उघड होते. म्हणून एका उन्हाळी सुट्टीत वडिलांनी त्याची फेकण्याची पद्धत मोडून नव्याने बसवली. चेंडू डोक्याच्या वरून सुटायला हवा! त्या सुट्टीत पोराची जवळूनसुद्धा बास्केट होईना. ज्याने कुणाचा तरी शॉट सुधारायला घेतला आहे त्याला हे दिवस ठाऊक असतात. मुलगा रडकुंडीला येतो, पालक विचारतात की आधी बरा खेळत होता, तुम्ही काय केलेत.

एवढे करूनही मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारले नाही. आईवडील दोघेही व्हर्जिनिया टेकचे. तिथे त्याला शिष्यवृत्तीशिवाय ये, एवढेच सांगितले गेले. उंची जेमतेम सहा फूट, वजन 73 किलोच्या आसपास. आपल्याकडच्या निवड चाचणीतही त्याला पहिल्या रांगेतूनच बाजूला काढले असते. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटजवळच्या डेव्हिडसनने त्याला घेतले. हे कॉलेज दोन हजारांहून कमी विद्यार्थ्यांचे, आपल्या तालुक्याच्या गावातली कॉलेजेही पटसंख्येत त्याहून मोठी असतात.

नोव्हेंबर 2006 मधला त्याचा कॉलेजचा पहिला सामना ईस्टर्न मिशिगनविरुद्ध होता. गुण केले 15 आणि चेंडू हातचा घालवला 13 वेळा. एका खेळाडूने एका सामन्यात तेरा टर्नओव्हर! आमच्या वेळच्या कुठल्याही कोचने अशा पोराला निम्म्या सामन्यातच बाकावर बसवून पाण्याच्या बाटल्या सांभाळायला लावले असते. डेव्हिडसनचे कोच बॉब मॅकिलप यांनी त्याला खेळवत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मिशिगन विद्यापीठाविरुद्ध पुन्हा उतरवले. त्या दिवशी त्याने 32 गुण केले. डेव्हिडसन तो सामना हरले, पण हंगाम संपला तेव्हा करीची सरासरी सामन्यामागे 21.5 गुणांची होती. देशभरातल्या पहिल्या वर्षाच्या खेळाडूंत त्याच्या पुढे एकच जण होता, टेक्सासचा केव्हिन ड्युरांट.

दुसऱ्या वर्षाची कहाणी अनेकांना माहीत असते, पण तिची सुरुवात सांगितली जात नाही. डेव्हिडसनने नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक, यूसीएलए असे तगडे प्रतिस्पर्धी मागून घेतले आणि सगळ्यांकडून मार खाल्ला. पहिल्या दहा सामन्यांत चार विजय, सहा पराभव. पुढे मात्र ते ओळीने 25 सामने जिंकले. त्यातले शेवटचे तीन मार्च 2008 मधल्या एनसीएए या कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतले. गोंझागाविरुद्ध करीचे 40 गुण, पैकी 30 उत्तरार्धात. 1969 नंतर या स्पर्धेत कॉलेजने जिंकलेला तो पहिलाच सामना. मग जॉर्जटाउनविरुद्ध 17 गुणांची पिछाडी भरून काढली, त्यात करीचे 30. पुढचे सामने डेट्रॉइटला होते, तर कॉलेजच्या विश्वस्तांनी विद्यार्थ्यांची बस, तिकिटे आणि राहण्याची सोय स्वखर्चाने केली. (आपल्याकडचे संस्थाचालक हे पत्र वाचत असतील तर हे वाक्य दोनदा वाचावे.) तिथे विस्कॉन्सिनला हरवले, करीचे 33.

मग कॅन्सस. 59-57 असा दोन गुणांनी पराभव. शेवटच्या क्षणी करीवर दोघे धावून आले, त्याने पास जेसन रिचर्ड्सला दिला आणि रिचर्ड्सचा लांबचा फटका हुकला. हा रिचर्ड्स त्या हंगामात बास्केटसाठी पास देण्यात देशात पहिला होता, हे सहसा कुणी लिहीत नाही. कॅन्सस पुढे विजेते झाले. करीच्या नावावर त्या हंगामात तीन गुणांच्या 162 बास्केट लागल्या, कॉलेज बास्केटबॉलमधला एका हंगामातला तेव्हाचा तो विक्रम होता.

माझा सर्वांत आवडता सामना मात्र तिसऱ्या वर्षातला, नोव्हेंबर 2008 चा. आठवडाभरापूर्वी ओक्लाहोमाविरुद्ध करीने 44 गुण केले होते. या सामन्यात समोर लोयोला कॉलेज होते. त्यांच्या कोचने ठरवले की काहीही होवो, करीला चेंडू मिळू द्यायचा नाही; दोन खेळाडू सतत त्याच्या अंगाला चिकटून राहतील. करी त्या दोघांना घेऊन कोपऱ्यात उभा राहिला. उरले डेव्हिडसनचे चार आणि लोयोलाचे तीन. त्याने सामन्यात तीनच शॉट घेतले, तिन्ही हुकले, गुण शून्य. डेव्हिडसन 30 गुणांनी जिंकले. त्या वर्षी सरासरी 28.6 गुणांसह तो देशात अव्वल होता आणि हा शून्य त्या सरासरीत धरलेला आहे.

हे सगळे मी इतक्या तपशिलाने लिहू शकतो, कारण तिथे कुणीतरी ते मांडून ठेवले. तेरा टर्नओव्हर झाले हे सांगायला ते कुणीतरी मोजावे लागतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत टेबलावर स्कोअरशीट भरली जाते. तीत गुण, फाउल आणि टाइमआउट असतात, पण रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू), पास, हातचा घालवलेला चेंडू यांना रकाना नसतो. त्यासाठी वेगळा कागद आणि वेगळा माणूस लागतो, आणि स्कोअरशीटसुद्धा स्पर्धा संपली की कुणाच्या तरी कपाटात जाते. राज्याकडून खेळलेल्या एखाद्या मुलीने पहिल्या वर्षी काय केले, ती कुठे अडखळली, कुणी तिला खेळवत ठेवले, हे उद्या कुणाला लिहायचे झाले तर त्याने काय बघावे? मग ‘जन्मजात’ लिहिण्यावाचून त्याच्याकडे काही उरत नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. आपल्या जिल्हा आवृत्तीत कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्याची बातमी चार ओळींत येते. अमुक कॉलेजची तमुकवर मात, गुणफलक आणि पाहुण्यांची नावे. पाहुण्यांच्या जागी दोन्ही संघांच्या खेळाडूंची नावे आणि प्रत्येकाचे गुण छापता येतील. जागा तेवढीच लागेल. आकडे पाठवण्याची जबाबदारी स्पर्धा घेणाऱ्या कॉलेजवर टाका. क्रीडा संचालकाला हाताशी दोन विद्यार्थी मिळाले तर रिबाउंड आणि टर्नओव्हरसुद्धा मिळतील. येत्या हंगामात आमच्या जिल्ह्यातल्या स्पर्धांसाठी अशी दोन मुले तयार करून द्यायला मी आनंदाने येईन. फक्त आकडे आले की ते छापले जातील, एवढे आपण सांगावे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा