नातीचं आडनाव

पोझनान, पोलंड, 14 ऑक्टोबर

प्रिय सुमे,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आज एक गोष्ट अशी झालीय की ती तुझ्याशिवाय कुणाला कळायची नाही.

नात झाली हे फोनवर सांगितलंच होतं. काल इंग्लंडहून, लेकाच्या लीड्सहून, तिच्या जन्मदाखल्याचा फोटो आला. आडनाव लिहिलंय कोवाल्स्की. कोवाल्स्का नाही गं, कोवाल्स्की! ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि फोन पालथा घातला. "माझ्या नातीला पुरुषाचं आडनाव," एवढंच बोलले. तेव्हापासून लेकाचा फोन घेत नाहीत.

लेकाचं म्हणणंही खोटं नाही. कोवाल्स्का हवं असतं तर तिकडे तेही लिहून मिळालं असतं, त्यानेच नको म्हटलं. बापाचं एक, मुलीचं दुसरं असलं की शाळेत, दवाखान्यात, विमानतळावर दर वेळी खुलासे करत बसायचं. आमच्या दारावर 'कोवाल्स्त्सी' अशी पाटी आहे, म्हणजे हे कोवाल्स्की, मी कोवाल्स्का आणि मिळून सगळे कोवाल्स्त्सी. इथल्या पोस्टमनला ते समजावावं लागत नाही. तिकडे कुणाकुणाला समजावणार?

नोवाक असतो तर भांडणच नव्हतं बघ. इथलं पहिल्या नंबरचं आडनाव, दोन लाखांच्या घरात माणसं, आणि बाई असो की बाप्या, नोवाकच. पूर्वी मात्र बायको नोवाकोवा आणि बिनलग्नाची मुलगी नोवाकुव्ना. म्हणजे बाईचं लग्न झालंय की नाही हे आडनावच गावभर सांगायचं! आता ते जवळपास बंद झालंय. तू इथे असतीस तर त्यावर तासभर बोलली असतीस.

हो, विसरले नाही मी. मी कोवाल्स्का झाले तेव्हा "वाहून गेलीस" म्हणाली होतीस, आणि स्वतः जाधवांच्या घरात जाऊन पाटीलच राहिलीस. तुझं ते बोलणं मला आजही मान्य नाही. नोंदणीच्या वेळी कोणतं आडनाव लावणार असं विचारलं, आणि मी हे माझ्या मर्जीने घेतलं. ते शेवटचं 'स्का' माझं आहे, सुमे. सासूबाईंचंही तेच होतं. ते पोरीपर्यंत पोचावं असं मला मनापासून वाटतं, पण लेकासमोर तोंड उघडत नाही.

सासरे असते तर आणखी तमाशा झाला असता. आपण कोवाल गावचे, जिथे 1310 साली काझिमिएश राजा जन्मला, हा त्यांचा हेका तुला माहीतच आहे. 'स्की' म्हणजे आपल्या 'कर'सारखं, गावावरून. आधी गावांचे मालक असलेले सरदार ते लावायचे, मग मानाचं म्हणून शहरातल्यांनी आणि शेतकऱ्यांनीही उचललं. पण ह्यांनी जुन्या चर्चच्या नोंदी काढल्या, तर निघाला लोहार! लोहाराला इथे कोवालच म्हणतात. 1840च्या आसपासची ती नोंद मी स्वतः वाचली. 'हजर झाला यान कोवालचिक, लोहार, वय तीस, आणि त्याने आम्हाला स्त्रीजातीचं बालक दाखवलं.' खाली लिहिलंय की साक्षीदारांना लिहिता येत नाही, म्हणून सही एकट्या पाद्रीबुवांची. त्याच यानच्या पुढच्या पोराच्या नोंदीत कोवाल्स्की, भावाच्या नोंदीत नुसतं कोवाल. 1868 नंतर तर सगळं रशियन लिपीत, कारण तो मुलूख रशियाच्या ताब्यात होता. कोवालिक, युक्रेनातले कोवालेन्को, हंगेरीतले कोवाच, सगळी भात्यापुढचीच माणसं.

मी ह्यांना म्हटलं, पाद्रीबुवांनी कानावर पडलं तसं लिहिलं आणि तुमच्या पिढ्या ते नाव घेऊन जगल्या, मग लीड्सच्या कागदाने काय बिघडलं? तर म्हणाले, "त्या पाद्र्यानेसुद्धा मुलीला मुलगीच लिहिलं." ह्यावर मी गप्प झाले.

तुझी आजी आठवते गं फार. 1943 ते 1948 कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या कॅम्पात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित माणसं होती, बहुतेक बायका नि पोरं, आणि आजी त्या बायकांना सरसकट 'स्काबाई' म्हणायची. त्या कॅम्पातली आपल्या मावशींची जागा शोधायला हे आले तेव्हा रिक्षावाल्याशी भाड्यावरून तू भांडलीस, आणि ह्यांना वाटलं तो तुझा नवरा!

बंडूची बदली रद्द झाली का? रावसाहेबांची शुगर तपासून घे. घर रंगवलंस म्हणे, फोटो पाठव. आक्कांना नमस्कार.

आणि ऐक, डिसेंबरात लेक-सून पोरीला घेऊन कोल्हापूरला येताहेत. तो माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. विषय तू काढ. पण माझ्या बाजूने बोलशील की त्याच्या, ते मला आधी कळव.

तुझी,
मंदा